ऐंशी टक्क्यांचा हिशेब

मुलीला बी.एड.ला प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात, फीची जुळवाजुळव होते, दोन नवे ड्रेस शिवायला टाकले जातात आणि चांदवडच्या स्टँडवरून नाशिकची किंवा मालेगावची पहिली गाडी किती वाजता, याची चौकशी होते. कॉलेजात वर्षभरात किती दिवस हजर राहावे लागते, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्याकडे पालक येतात ते वर्ष संपत आल्यावर, हातात नोटीस घेऊन. "हजेरी कमी पडली म्हणे, परीक्षेचा फॉर्म अडवलाय. तुमची तिथं ओळख आहे का?" ओळख असली तरी तोवर करण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणून हा विषय वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावा असे आम्हाला वाटले.

पहिली गैरसमजूत म्हणजे "सगळीकडे पंचाहत्तर टक्केच लागतात". कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांत सहसा ७५ टक्क्यांची अट असते, हे खरे. पण बी.एड.चे गणित वेगळे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या विनियमांत बी.एड. दोन वर्षांचे केले आणि हजेरीची अटही कडक ठेवली. वर्गातील तासिका व प्रात्यक्षिके यांना किमान ८० टक्के, आणि शाळेत जाऊन शिकवण्याचा जो काळ असतो, ज्याला आंतरवासिता म्हणतात, त्याला ९० टक्के. प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून वर्षाला किमान २०० दिवस कामाचे धरले आहेत. एम.एड.लाही असेच ८० आणि ९० आहेत.

टक्क्यांत बोलले की घरातल्या वडीलधाऱ्यांना काही कळत नाही, दिवसांत बोलले की लगेच कळते. २०० दिवसांचे ८० टक्के म्हणजे १६०. वर्षभरात गैरहजर राहायला ४० दिवस मिळतात. हे ऐकून एक चाचा आम्हाला म्हणाले होते, "चाळीस दिवस? मग तर भरपूर आहेत!" आता त्या चाळीस दिवसांचे काय होते ते पाहू.

आपल्याकडे मुलीचा निकाह शिकत असतानाच ठरतो, यात नवल नाही. लग्नाआधी खरेदी, शिलाई, आमंत्रणे यात आठ दिवस गेले. मेहंदी, हळद, निकाह, वलीमा यात चार. सासरी पहिले दहा दिवस "नवी नवरी कॉलेजला निघाली" असे कोणी म्हणू नये म्हणून. मग जुमागी. पाच शुक्रवारी जोडप्याला माहेरी बोलवायचे, शुक्रवारी गेली की शनिवारीही तिथेच, म्हणजे आणखी दहा दिवस. झाले बत्तीस. उरलेल्या आठांत ताप, सर्दी, चुकलेली बस, नणंदेचे बारसे आणि पावसाळा बसवायचा. हे सगळे आंतरवासितेच्या काळात आले तर विचारूच नका. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. सहा दिवसांचा आठवडा धरला तर सोळा आठवड्यांचे ९६ दिवस. त्यात गैरहजेरीला जागा नऊ दिवसांची. पहिल्या वर्षीच्या चार आठवड्यांत तर फक्त दोन.

निकाहाची तारीख ठरवताना आपण हॉल बघतो, दुबईहून येणाऱ्या मामूंची रजा बघतो, कांद्याचे पैसे हातात कधी येतील ते बघतो. नवऱ्या मुलीच्या कॉलेजचे वेळापत्रक कोणी मागितल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही. मुलगा बी.एड. करत असेल तर त्याची परीक्षा विचारली जाते. फरक इथेच आहे. मुलीचे दिवस हे घराचे सुटे पैसे समजले जातात, लागेल तसे काढायचे. फुफी आजारी, मुलीला दवाखान्यात बसव. घरी पाहुणे, मुलीला थांबव. तिने हजेरी बुडवली असे रजिस्टरमध्ये लागते. घराने बुडवली अशी नोंद करायला तिथे रकाना नसतो.

९० टक्क्यांची अट जुलमी आहे, असे मात्र आम्हाला वाटत नाही. छात्राध्यापिका पाठ घ्यायला येतात तेव्हा शाळेच्या बाजूने काय दिसते, ते सांगतो. सातवीच्या वर्गात एखादी मुलगी अपूर्णांक शिकवायला सुरुवात करते. दोन दिवस छान चालते, मुले तिला ओळखू लागतात, मागच्या बाकावरचा पोरगाही हात वर करू लागतो. तिसऱ्या दिवसापासून ती येत नाही. आठवड्याने येते आणि पाठटाचणाप्रमाणे पुढचा घटक सुरू करते. मुलांचा छेद समान करायचा राहून गेलेला असतो. डॉक्टर शिकाऊ असला तरी रुग्ण खरा असतो, तसेच हे आहे. मुलांचे ते वर्ष काही सरावाचे नसते.

आता शुक्रवारचा प्रश्न. हा मुलांचा जास्त, म्हणून त्यांच्या वालिदांनी वाचावा. समजा, एखाद्या विषयाच्या आठवड्याला चार तासिका आहेत आणि त्यातली एक शुक्रवारी दुपारी दीडला. मुलगा जुम्याच्या नमाजला जातो. बाकी एकही दिवस चुकवला नाही, तरी त्या विषयात त्याची हजेरी ७५ टक्केच भरणार. अट ८० ची. म्हणजे वर्षभर नियमित असलेला मुलगा एका विषयात अडकला. यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. सत्र सुरू होताना, वेळापत्रक कच्चे असतानाच, जितके विद्यार्थी आहेत तितक्यांनी मिळून प्राचार्यांना अर्ज द्यावा की शुक्रवारची ती तासिका सकाळी किंवा शनिवारी घ्यावी. अशा अर्जांना होकार मिळालेला आम्ही पाहिला आहे. दोन तासिकांची अदलाबदल करायला कोणाचे काही जात नाही. पण तोच अर्ज मार्चमध्ये गेला तर तो विनंती न वाटता सबब वाटतो. हजेरी विषयवार मोजतात की सगळ्या विषयांची मिळून, हेही पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. सगळा फरक तिथे पडतो.

सर्वांत अवघड बाब बाळंतपणाची. लग्न झालेली मुलगी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात आई होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि नियमांत तिच्यासाठी जागाच नसते. अशीच अडचण मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठातील एम.एड.च्या एका विद्यार्थिनीला आली. डिसेंबर २०२१ मध्ये तिने प्रवेश घेतला होता. तिने बाळंतपणाची रजा मागितली, विद्यापीठाने नाकारली, एम.एड.च्या नियमांत अशी रजा नाही म्हणून. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे २०२३ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाचा नकार रद्द केला. ५९ दिवसांच्या रजेचा लाभ देण्याबाबत पुन्हा विचार करा, आणि तो दिल्यावर तिची तासिकांची ८० टक्क्यांची अट पूर्ण होत असेल तर तिला विनाविलंब परीक्षेला बसू द्या, असा आदेश दिला. शिक्षण की मूल, यातले एक निवडायला स्त्रीला भाग पाडता येणार नाही, ही न्यायालयाची भूमिका होती.

या निकालातले बारकावे लक्षात घ्या. न्यायालयाने ८० टक्क्यांची अट मोडली नाही. बाळंतपणाचे दिवस गैरहजेरीत धरून तिला शिक्षा करू नका, एवढेच सांगितले. म्हणजे बाकीच्या दिवसांत ती नियमित असणे गरजेचेच राहिले. ज्या मुलीने आधीचे चाळीस दिवस लग्नकार्यात घालवले, तिला हा निकाल कितपत उपयोगी पडेल? दुसरे असे की विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याआधीच, डिसेंबर २०२१ मध्ये, सर्व विद्यापीठांना कळवले होते की पदवी आणि पदव्युत्तर शिकणाऱ्या स्त्रियांसाठी प्रसूती व बालसंगोपन रजेचे आणि हजेरीतील सवलतीचे नियम करा. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत रजा आयोगाच्या विनियमांतच आहे. आपल्या कॉलेजने, विद्यापीठाने पुढे काय केले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थिनीला आहे. विचारताना २०२१ च्या त्या पत्राचा उल्लेख करावा. लिपिक उभ्या उभ्या "असं काही नसतं" म्हणण्याआधी एकदा फाईल काढून बघतो.

बाहेर हळूहळू वारे बदलत आहे. केरळच्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये मासिक पाळीच्या कारणाने विद्यार्थिनींना हजेरीत दोन टक्के जादा सूट दिली आणि मग केरळ सरकारने ती राज्यातल्या इतर विद्यापीठांनाही लागू केली, ७५ ऐवजी ७३. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना केवळ हजेरी कमी आहे म्हणून परीक्षेपासून रोखू नये, असा निकाल दिला. त्याच्या मुळाशी २०१६ मधील एका विद्यार्थ्याची आत्महत्या होती. हजेरी कमी म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नव्हते. असा मुलगा आपल्याही घरात असू शकतो. नोटीस आली की आधी मुलावर ओरडू नये, आधी त्याच्याजवळ बसावे. मात्र तो निकाल कायद्याच्या शिक्षणापुरता आहे. बी.एड.च्या मुलामुलींनी त्यावर विसंबून घरी बसू नये.

इद्दतीबद्दल आम्हाला विचारणा होते, म्हणून थोडक्यात. शिकत असतानाच पती वारला तर चार महिने दहा दिवस, म्हणजे सुमारे १३० दिवस, हे एका सत्राहून मोठे आहे. कॉलेजच्या नियमांत इद्दत असा शब्द सापडणार नाही. तरी प्राचार्यांना भेटून लेखी कळवावे, मृत्यूचा दाखला जोडावा, आणि शिक्षण सोडण्याऐवजी ते सत्र पुढे ढकलता येते का ते विचारावे. बी.एड. जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करता येते, ही सोय नियमातच आहे. हनफी फिक्हमध्ये विधवेला दिवसा गरजेपुरते बाहेर पडायला वाव आहे. तासिका किंवा परीक्षा त्या गरजेत बसते का, हे जाणत्या आलिमांना विचारावे. शेजारणींना विचारू नये.

गाडीघोड्याचेही थोडे सांगायला हवे, कारण आपल्या तालुक्यातल्या गैरहजेरीतला मोठा वाटा एस.टी.चा असतो. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत संप चालला तेव्हा खेड्यांतल्या मुलींचे काय झाले, ते आपण पाहिले आहे. काळी-पिवळीत पुरुषांच्या गर्दीत मुलगी पाठवायला घरचे तयार नव्हते आणि रोज मोटारसायकलने सोडायला भावाला वेळ नव्हता. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंतच. त्याच अहिल्याबाईंचा रंगमहाल आमच्या चांदवडात उभा आहे, आणि त्याच्या सावलीतून बी.एड.ला जाणाऱ्या मुलीला पासाचे पैसे भरावे लागतात, याची आम्हाला गंमत वाटते आणि खंतही. विद्यार्थी पासात मोठी सवलत असते आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकीटही अर्धे झाले आहे, तेवढा आधार. पण संप, रास्ता रोको, बंद गाडी अशा कारणाने दिवस बुडाला तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना लेखी कळवायची सवय मुलींना लावायला हवी. फोनवरचा निरोपही चालेल, पुरावा राहतो.

आणि एक गोष्ट कडू लागेल. "अमुक कॉलेजात जायचीच गरज नाही, फी भरा, हजेरी ते लावून देतात" असे सांगणारे दलाल फिरतात आणि आपली चांगली नमाजी, देवाणघेवाणीत चोख असलेली माणसे त्यांना पैसे देतात. खोटी हजेरी ही खोटी साक्षच आहे, तिला दुसरे नाव देऊ नये. नुकसान पुढे दिसते. अशा पदवीधर मुलामुलींना मुलाखतीत पाठ घ्यायला सांगितले की फळ्याकडे तोंड करून उभे राहतात. घरच्या अडचणीमुळे रोज जाणे खरेच शक्य नसेल तर १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे. बी.ए., एम.ए. तिथून सन्मानाने होते. बी.एड. थोडे थांबून, मूल दोन वर्षांचे झाल्यावर करावे. त्यात कमीपणा काय आहे?

आता अर्जाचे. कारण कोणतेही असो, आजार, बाळंतपण, घरातला मृत्यू, अर्ज परतल्याच्या दिवशी द्यायचा. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण काय आणि सोबत कोणता कागद जोडला आहे, एवढे तीनच मुद्दे असावेत, शायरी नको. डॉक्टरांचा दाखला त्याच तारखांचा असावा. मार्चमध्ये एकदम सगळ्या वर्षाचे दाखले आणणाऱ्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा? अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यायचा. दर महिन्याच्या शेवटी मुलीने आपली हजेरी कार्यालयातून विचारून वहीत लिहावी, आणि ती वही अब्बांनी महिन्यातून एकदा मागून पाहावी, जशी दुकानाची पाहतात. निकाह ठरला तर ती वही आणि शिक्क्याच्या प्रती एका फाईलमध्ये घालून सामानाबरोबर सासरी पाठवाव्यात. वरमाईलाही चाळीसचा हिशेब तेव्हाच सांगून ठेवावा, जुमागीचे शुक्रवार ठरायच्या आधी.