खेळाची पारख आणि शेअरचा भाव

कापडाच्या दुकानात वाढलेला मुलगा चिमटीत कापड धरताच त्याचा पोत ओळखतो. धान्याच्या पेढीवर बसणारा माणूस मूठभर गहू तळहातावर घेऊन त्याची प्रत सांगतो. ही पारख पुस्तकांतून येत नाही, वर्षानुवर्षांच्या सहवासातून येते. लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळत आलेल्या आणि आता तिशी-पस्तिशी गाठलेल्या तरुणापाशीही अशीच एक पारख असते. कोणता खेळ घाईने बाजारात उतरवला आहे, कोणता महिनाभरात विस्मरणात जाईल आणि कोणत्या खेळाकडे लोक पुन्हा पुन्हा वळतील, हे त्याला इतरांच्या आधी कळते. असे अनेक तरुण आता कमावते झाले आहेत आणि घरातील वडीलधाऱ्यांपुढे एक प्रश्न मांडू लागले आहेत. ज्या मालाची इतकी ओळख आहे, त्या मालाच्या कंपन्यांत पैसे का गुंतवू नयेत?

प्रश्न रास्त आहे. ‘इतकी वर्षे वेळ घालवला, आता पैसाही घालवणार’ असे म्हणून तो उडवून लावणे योग्य नव्हे. आपल्याला कळते त्याच धंद्यात भांडवल घालावे, हा तर व्यापारी घराण्यांचा जुनाच नियम आहे. मात्र माल ओळखणे आणि धंदा ओळखणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि हा फरक या व्यवसायात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

पहिले उदाहरण निन्टेंडोचे. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरचा खेळ आला आणि जगभर लोक फोन हातात धरून रस्त्यांवर हिंडू लागले. हा खेळ गाजणार हे खेळाडूंनी पहिल्याच दिवशी ओळखले होते आणि त्यांचा अंदाज अचूक ठरला. निन्टेंडोच्या शेअरचा भाव दोन आठवड्यांत दुपटीहून वर गेला. परंतु तो खेळ निन्टेंडोने तयार केलेला नव्हता. तो नियान्टिक या अमेरिकी कंपनीने केला होता. पोकेमॉनचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीत निन्टेंडोचा मतहक्क ३२ टक्के होता, म्हणजे नफ्याचा केवळ काही अंश तिच्या पदरी पडणार होता. या खेळाचा आपल्या नफ्यावरील परिणाम मर्यादित राहील, असे निवेदन कंपनीने २२ जुलै रोजी काढले. २५ जुलै रोजी एकाच दिवसात शेअर सुमारे १८ टक्क्यांनी घसरला. मालाची पारख बरोबर होती. पैसा कोणाच्या गल्ल्यात जातो, हे मात्र अनेकांनी पाहिले नव्हते.

दुसरे उदाहरण पोलंडमधील सीडी प्रोजेक्टचे. या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्या वर्षअखेरपर्यंत त्याच्या सुमारे १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या. एवढी विक्री होऊनही शेअरचा भाव कोसळला आणि पुढील वर्षभरात आधीच्या उच्चांकाच्या निम्म्याहूनही खाली गेला. खेळात दोष इतके होते की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काही महिने काढून टाकला. त्यातही महत्त्वाची गोष्ट ही की, खेळ येण्यापूर्वीच भावात सारी अपेक्षा धरली गेली होती. ज्याची वाहवा साऱ्या बाजाराला आधीच ठाऊक असते, त्या मालाचा भाव ती वाहवा पचवूनच बसलेला असतो. अशा भावाने घेतलेल्या मालात नफ्याला जागा उरत नाही.

या धंद्याचा स्वभावही समजून घेतला पाहिजे. मोठा खेळ तयार होण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर शेकडो माणसांचे पगार द्यावे लागतात आणि विक्रीचा एक रुपयाही येत नाही. दिवाळीसाठी भरलेला माल दिवाळीनंतर पोहोचला तर व्यापाऱ्याची जी गत होते, तीच येथे होते. टेक-टू या अमेरिकी कंपनीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतील सहावा खेळ प्रथम २०२५ मध्ये येणार होता. मग २६ मे २०२६ ही तारीख दिली गेली, आणि त्यानंतर १९ नोव्हेंबर २०२६. याच मालिकेतील पाचवा खेळ सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि त्याच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या. एकदा तयार झालेल्या खेळाची पुढची प्रत काढण्यास जवळजवळ खर्च येत नाही. त्यामुळे यश मिळाले तर ते अफाट असते, आणि अपयश आले तर गुदामात विकण्याजोगा मालदेखील शिल्लक राहत नाही.

म्हणूनच अशा कंपनीचा ताळेबंद तिच्या खेळांइतक्याच बारकाईने वाचावा लागतो. निन्टेंडोची सुरुवात १८८९ मध्ये क्योटो येथे पत्ते तयार करणारी पेढी म्हणून झाली. संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची यांनी १९४९ ते २००२ अशी त्रेपन्न वर्षे ती सांभाळली आणि पत्त्यांच्या पेढीची जगप्रसिद्ध खेळ-कंपनी केली. त्यांना स्वतःला व्हिडिओ गेम खेळण्याची आवड नव्हती, हे प्रसिद्धच आहे. त्यांच्यानंतर आलेले सातोरु इवाता मात्र तरुणपणापासून खेळांचे प्रोग्रॅम लिहिणारे, हाडाचे खेळाडू. त्यांच्या काळात २००६ साली आलेल्या ‘वी’ या यंत्राची विक्री दहा कोटींवर गेली. त्याच इवातांच्या काळात २०१२ साली आलेले ‘वी यू’ जेमतेम १ कोटी ३५ लाख विकले गेले. २०११-१२ या आर्थिक वर्षात कंपनीला ४३ अब्ज येनहून अधिक तोटा झाला होता, आणि पुढील काळही कठीणच गेला. २०१४ च्या आरंभी इवातांनी स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्म्यावर आणला. कंपनी तरली ती गाठीशी असलेल्या मोठ्या रोख शिलकीमुळे आणि डोक्यावर कर्ज नसल्यामुळे. जुलै २०१५ मध्ये इवातांचे निधन झाले. मार्च २०१७ मध्ये आलेल्या ‘स्विच’ने पंधरा कोटींचा टप्पा ओलांडला, पण ते यश पाहण्यास ते हयात नव्हते. उत्तम खेळाडूचाही अंदाज चुकू शकतो. तो चुकल्यावर पेढी उभी राहते की नाही, हे तिजोरी ठरवते.

सरकारी धोरणाचा धोका वेगळाच. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अल्पवयीनांच्या ऑनलाइन खेळावर आठवड्याला साधारण तीन तासांची मर्यादा घातली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. नझारा टेक्नॉलॉजीज या नोंदणीकृत कंपनीचा अशा व्यवसायाशी संबंध केवळ एका गुंतवणुकीपुरता होता, तरीही तिचा शेअर घसरला. ज्या घरांत द्यूत हे सप्तव्यसनांत पहिले मोजले जाते, तेथे खेळ आणि जुगार यांतील सीमारेषा गुंतवणूक करण्यापूर्वीच तपासली जावी. अनेक खेळांत पैसे देऊन बंद पेटी विकत घेण्याची सोय असते आणि आत काय निघेल ते नशिबावर असते. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा काही पेट्यांना जुगार ठरवले. कंपनीची कमाई कशातून होते, हा प्रश्न म्हणून नीतीचाही आहे आणि हिशेबाचाही.

या क्षेत्रातील बहुतेक मोठ्या कंपन्या परदेशी बाजारांत नोंदलेल्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. मात्र असे शेअर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात, त्यांपासून उत्पन्न झालेले नसले तरीही. ते न दाखवल्यास दंडाची तरतूद आहे. शिवाय शेअर वर जाऊनही येन किंवा डॉलर रुपयाच्या तुलनेत घसरला तर हाती येणारा नफा आटतो.

या साऱ्याचा अर्थ तरुणाने या वाटेला जाऊच नये, असा नाही. त्याची पारख हे खरे भांडवल आहे. परंतु ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे घरातच उपलब्ध आहे. मुलाने एक वही घालावी. आवडलेल्या कंपनीचे नाव लिहावे आणि त्यापुढे चार प्रश्नांची उत्तरे मांडावीत. खेळाचे हक्क कोणाचे आहेत? गेल्या पाच वर्षांत रोख किती जमली आणि कर्ज किती आहे? एक खेळ फसला तर कंपनी किती काळ तग धरील? आणि आजच्या भावात किती आशा आधीच मोजून घेतली आहे? ती वही वडिलांपुढे किंवा काकांपुढे ठेवावी. खेळातले त्यांना काही कळत नसले तरी या चारही प्रश्नांची उत्तरे तपासण्यात त्यांचे आयुष्य गेलेले असते. रक्कम सुरुवातीस एवढीच असावी की ती पूर्ण बुडाली तरी दुकानाच्या खेळत्या भांडवलाला, बहिणीच्या लग्नाला किंवा घराच्या हप्त्याला धक्का लागू नये. दोन वर्षे वही नेमाने लिहिली गेली आणि अंदाज बऱ्यापैकी खरे ठरले, तर रक्कम वाढवण्याचा विचार वडिलांनीही मोकळ्या मनाने करावा.