दिवा टाकू नका, सेल बदला



अंगणात, संडासाच्या वाटेवर, गल्लीच्या तोंडाशी लावलेले छोटे सौर दिवे आता पुष्कळ घरी दिसतात. वीजबिल वाढत नाही आणि लेकीबाळींना अंधारातून जावे लागत नाही. पण वर्ष-दोन वर्षांत दिवा मिणमिणू लागला की आपण तो भंगारात देतो आणि नवा आणतो. पुष्कळदा दिवा चांगलाच असतो. रोज भरून रोज रिकामा होणारा आतला सेल तेवढा थकलेला असतो.

आधी वरचे पॅनेल ओल्या फडक्याने पुसा. फरक पडला नाही तर झाकण उघडा आणि जुना सेल घेऊनच दुकानात जा. त्यावर १.२ व्होल्ट असेल तर निकेल मेटल हायड्राइडचा सेल मागा. ३.२ म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट आणि ३.७ म्हणजे लिथियम आयन. हे दोन दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा घालू नये. जादा चार्ज होऊन धोका होतो. घड्याळातला साधा १.५ व्होल्टचा सेल मुळीच नको. तो चार्ज करण्यासाठी नसतो. गळतो, प्रसंगी फुटतो.

दुकानदार मोठा आकडा दाखवील. इथे हिशेब करावा. समजा, पॅनेल भर उन्हात ४० मिलिअँपिअर देते. सहा तास ऊन मिळाले तर दिवसाची जमा २४०. मग २००० चा महाग सेल कशाला? अशा दिव्याला ६०० चा पुरतो. पेन्सिल सेलवर ४००० छापले असेल तर तो आकडा खोटा समजावा.

नवा १.२ व्होल्टचा सेल बसवण्याआधी त्याच प्रकारच्या चार्जरवर पूर्ण भरा. ६०० च्या सेलला ६० मिलिअँपिअरच्या सावकाश चार्जरवर १४ ते १६ तास लागतात. दिव्यात दोन सेल असतील तर दोन्ही एकदम आणि एकसारखेच बदला. पावसाळ्यात ऊन कमी मिळाले की दिवा लवकर विझणारच. त्याला सेल खराब झाला असे समजू नका.

जुना सेल चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका. निकेल कॅडमियमच्या जुन्या सेलमधील कॅडमियम विषारी असते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा दुकानदाराला तसे विचारा.

कष्टाचा पैसा आहे. नव्या दिव्यासाठी तो मोडण्याआधी एकदा झाकण उघडून पाहा.