नकाशाचा हुन्नर: फी भरण्याआधी पोत पाहा

माझ्या पुतणीने भूगोल घेऊन बी.ए. केले. आता तिला विद्यापीठाचा जीआयएसचा, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचा, ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करायचा आहे. घरात पहिला सवाल आला, नकाशे काढून पोट भरते काय? दुसरा सवाल फीचा. मी उर्दू माध्यमात शिकलेला कापडवाला, तरी माझे मत तिच्या बाजूने आहे. कारणे व्यापाऱ्याची आहेत.

२६ जुलै २००५ च्या पावसात भिवंडीतील माझ्या भाड्याच्या गोदामात कमरेइतके पाणी शिरले. ग्रे कापडाचे तागे भिजून गेले. गोदाम घेताना मी भाडे पाहिले, ट्रक वळतो का ते पाहिले. कामवारी नदी किती जवळ आणि जागा किती सखल, हे पाहिले नाही. ही माहिती शेजाऱ्यांना होती, सरकारी कागदांतही असेल. पण एकत्र कुठेच नव्हती.

जीआयएस ती एकत्र आणते. छपाईच्या कारागिरांना हे लगेच समजेल. नक्षीतील प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी असते आणि ती एकावर एक अचूक बसवावी लागते. इथे नदी एका थरावर, जमिनीची उंची दुसऱ्यावर, रस्ते तिसऱ्यावर, गोदामे चौथ्यावर. मग संगणकाला विचारायचे, नदीपासून दोनशे मीटरच्या आत, सखल जागेवर कोणती गोदामे आहेत? स्क्रीन सरकली तर छपाई बिघडते; तसेच दोन थरांचे प्रक्षेपण जुळले नाही तर रस्ता नदीत जाऊन पडतो. म्हणून अक्षांश-रेखांश आणि प्रक्षेपण यांचे सुरुवातीचे धडे कंटाळवाणे वाटले तरी सोडू नयेत.

काम कुठे आहे? २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय कंपन्यांना नकाशे बनवण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्या काढल्या, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. नगरपालिकांचा घरपट्टीचा हिशेब, पाण्याच्या लाइनी, घरपोच मालाची वाहतूक, सगळीकडे हा हुन्नर लागतो. नोकरी हमखास मिळेल असे मी म्हणत नाही. धंद्यात हमी कसली?

अल-इद्रिसीने ११५४ मध्ये सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा पूर्ण केला. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाने १९८७ मध्ये आपल्या जीआयएस प्रणालीला ‘इद्रिसी’ हेच नाव दिले. अभिमान जरूर वाटावा. पण वाडवडिलांच्या नावावर दुकान चालत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आता फीचे. तागा घेण्याआधी आपण पोत हाताने पाहतो, तसेच येथे करावे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था इस्रोची आहे. तिचे ऑनलाइन वर्ग मोफत असतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट मिळते. मात्र मोबाइलवर भागत नाही, संगणक हवा. दोन महिने त्यावर हात बसवावा, आपल्याच मोहल्ल्याचा नकाशा करावा. मन रमले तरच विद्यापीठाची फी भरावी. भरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: ऑनलाइन शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत त्या विद्यापीठाचे नाव आहे का, प्रात्यक्षिक कोण तपासतो, आणि मध्येच सोडल्यास फी परत मिळते का. जाहिरातीवर विसंबू नये.

अभ्यास इंग्रजीत असतो, म्हणून आपली मुले कचरतात. आमच्या पिढीने बिल्टी आणि विक्रीकराचे फॉर्म अडखळत शिकलेच ना? नव्या शब्दांची वही घालावी, महिनाभरात भीती मोडते.

पुतणीला मी पहिले काम दिले आहे. आपली गोदामे आणि कामवारी नदी एका नकाशावर दाखव. ते जमले, तर पहिल्या सत्राची फी माझ्याकडून.