देवमाशाचीही पीकपाहणी हवी

पिकाचं नुकसान झालं की पहिला प्रश्न असतो, सातबाऱ्यावर पीकपेरा लागलाय का? नसेल तर उभं पीक आडवं झालं तरी सरकारदरबारी ते नव्हतंच. कागदावर असेल तेच खरं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. २०२१ पासून तर ई-पीक पाहणीत तो ही नोंद मोबाईलवर स्वतःच करतो.

किनारपट्टीच्या गावांनी हाच धडा समुद्राला लावायची वेळ आली आहे. डॉल्फिन, म्हणजे आपले गादे, रापणकराला नवे नाहीत. उथळ पाण्यात, खाडीच्या मुखाशी वावरणारा कुबडवाला डॉल्फिन आज जगभरात धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणला जातो. २०१५ साली कुणकेश्वरच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा आणि त्याचं पिल्लू दिसलं. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. गावकरी आणि प्रशासन दिवसरात्र झटले, पण ते वाचलं नाही. यांची बातमी झाली म्हणून नोंद राहिली. ज्यांची बातमी होत नाही, त्यांचं काय?

मेलेलं जनावर लागलं की वास सुटायच्या आत जेसीबी बोलवायचा, खड्डा काढायचा आणि मोकळं व्हायचं, ही आपली रीत. त्या खड्ड्यात माहितीही पुरली जाते. पुरण्याआधी वनखात्याला कळवावं. टेप लावून लांबी मोजावी, नर की मादी पाहावं, जाळ्याचे वळ किंवा जहाजाच्या पंख्याचे घाव आहेत का ते लिहावं, चार फोटो काढावेत. मरण कशानं आलं याचा माग त्यातूनच लागतो.

समुद्रात जिवंत दिसला तर तारीख, वेळ, ठिकाण, किती होते, सोबत पिल्लू होतं का, एवढं पुरे. होडी मात्र जवळ नेऊ नये. आणि दिवसभर फिरून काही दिसलं नाही, तर तेही लिहावं. पर्जन्यमापकात कोरड्या दिवसाचा शून्य लिहितातच ना? शून्याशिवाय वाढ-घट कळत नाही.

मच्छीमार म्हणतील, नोंद केली की उद्या बंदी येईल. ही भीती खोटी नाही. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून ती मनात आहे. पण आपण लिहिलं नाही म्हणून नियम यायचे थांबत नाहीत. ते आपल्याला न विचारता येतात, इतकंच. डिसेंबर २०१८ मध्ये राज्यानं योजना आणली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. तिथेही फोटो किंवा व्हिडिओ लागतोच. म्हणजे नोंद करणाऱ्याच्याच हाती पैसे पडले.

तेव्हा प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीनं आणि मच्छीमार सोसायटीनं एक साधी वही ठेवावी. सरपंच, पोलीस पाटील यांनी ती ग्रामसभेत दाखवावी आणि दर महिन्याला नक्कल वनखात्याला पाठवावी. खर्च एका वहीचा. उद्या बंदर, खाण किंवा मोठ्या ट्रॉलरचा प्रश्न आला, तर हीच वही गावाचा सातबारा ठरेल.