पाणी कुठे अडले ते आधी पाहा



छपरावरच्या अँटेन्याचे दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे हळूहळू टीव्ही गावोगाव पोहोचला. चित्रात मुंग्या दिसू लागल्या, की एकजण कौलांवर चढायचा, एकजण अंगणात उभा राहायचा आणि एकजण टीव्हीसमोर बसून ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!" त्रास होताच, पण दोष छपरावर आहे एवढे लहान पोरालाही ठाऊक असायचे.

आता टीव्ही इंटरनेटवर चालतो. चित्र मध्येच थांबते, पडद्यावर चकती गोल गोल फिरत राहते आणि दोष कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. दोष दिसला नाही की माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाचा खिसा कापायला वेळ लागत नाही. हे आमच्याच घरात घडले.

दिवाळीनंतरची गोष्ट. थोरला भाऊ रात्रीच्या विजेवर मोटर चालू करायला मळ्यात गेला होता. आईला रोज रात्री टीव्हीवर कीर्तन ऐकायची सवय, आणि टीव्ही काही केल्या चालेना. वहिनींनी मोबाईलवर कंपनीचा नंबर शोधला. पहिला दिसला तो लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावले, दहा रुपये तक्रार फी भरायला सांगितली आणि पिन टाकायला लावला. उसाच्या बिलातले अठरा हजार रुपये मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवले होते, ते पाच मिनिटांत गेले. तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

आणि टीव्हीचा बिघाड काय होता? दिवाळीच्या रंगरंगोटीत राउटर लोखंडी कपाटाच्या मागे गेला होता. तो उचलून फळीवर ठेवला आणि कीर्तन सुरू झाले.

वहिनीच मला म्हणाल्या, "भावजी, लिहा. माझं नाव घालू नका, पण लिहा." म्हणून हा लेख.

इंटरनेटचे काम आपल्या पाटाच्या पाण्यासारखे आहे. कालव्यातून चारीला, चारीतून पाटाला, पाटातून सरीला. सरीत पाणी आले नाही म्हणून कोणी लगेच नवी विहीर खणत नाही. खोरे घेऊन पाटाच्या कडेने चालत जातो आणि कुठे अडले ते पाहतो. टीव्हीचेही तसेच करायचे. टीव्ही म्हणजे शेवटची सरी, राउटर म्हणजे पाटाचे दार आणि बाहेरून येणारी तार म्हणजे चारी. टीव्ही पुढचे थोडे चित्र आधीच आणून साठवतो, हौदात पाणी साठवावे तसे. येणारे कमी आणि जाणारे जास्त झाले की हौद रिकामा होतो आणि चकती फिरू लागते.

आता क्रमाने चला.

पहिले, एकच अ‍ॅप अडते की सगळीच? एकच अडत असेल तर दोष बहुधा त्या अ‍ॅपचा किंवा ते पुरवणाऱ्याचा. ते अद्ययावत करा, नाहीतर तासाभराने पाहा. सगळीच अडत असतील तर पुढे चला.

दुसरे, मोबाईल घेऊन टीव्हीजवळ उभे राहा. त्यातला सिमचा डेटा बंद करा आणि फक्त घरच्या वायफायवर व्हिडिओ लावा. सिमचा डेटा बंद करायला विसरलात तर चाचणी फुकट जाते. व्हिडिओ नीट चालला तर दोष टीव्हीत. रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो, बंद झालेला नसतो. भिंतीवरचे बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि चालू करा. टीव्हीतील तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, तेही पाहा. तारीख चुकली की बरीच अ‍ॅपे जोडलीच जात नाहीत. न लागणारी अ‍ॅपे काढून जागा मोकळी करा.

तिसरे, टीव्हीजवळ मोबाईलवरही व्हिडिओ अडला, तर तोच मोबाईल घेऊन राउटरशेजारी जा. तिथे चालला, तर पाणी दारापर्यंत येते आहे, पुढे मुरते आहे. राउटर उंच, मोकळ्या जागी, घराच्या मध्यावर ठेवा. लोखंडी कपाट, पत्रा, फ्रीज आणि जाड दगडी किंवा मातीची भिंत या लहरी अडवतात. बऱ्याच राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी असतात. ५ ची वेगवान, पण भिंतीपुढे थकते. २.४ ची संथ, पण लांब जाते. टीव्ही दोन खोल्या पलीकडे असेल तर २.४ वर जोडून पाहा. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची तार. ती १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे वाड्याच्या या टोकाचे त्या टोकाला.

चौथे, राउटरशेजारीही अडला, तर राउटरचे बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि तीन मिनिटे वाट पाहा. मागच्या बारीक छिद्रात मात्र टाचणी घालू नका, सगळी मांडणी पुसली जाते. दुसऱ्या यंत्राचा अ‍ॅडाप्टर लावू नका, व्होल्ट जुळले नाहीत तर राउटर जळतो. फायबरच्या राउटरवर लाल दिवा लागला असेल तर बहुतेक वेळा बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजा. फायबरची तार म्हणजे काचेचा बारीक धागा. तिला खिळा ठोकू नका, दुमडू नका, तिच्यावर कपडे वाळत घालू नका. उंदराने कुरतडली आहे का ते पाहा. तुटलेल्या टोकात डोकावू नका, आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांना धोका असतो. ही दुरुस्ती कंपनीच्या माणसाची.

पाचवे, रिचार्ज संपले नाही ना? मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी हिशेब करावा. स्पष्ट चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोजचा पॅक २ जीबीचा असेल तर तो पाऊण तासातच संपतो, आणि मग वेग इतका उतरतो की चित्र हलतच नाही. अशा वेळी अ‍ॅपमध्ये चित्राचा दर्जा कमी करा.

"मोठा प्लॅन घ्या, सगळे ठीक होईल," असे कोणी म्हणाले तर लगेच मान डोलावू नका. चांगल्या एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, ४के चित्राला साधारण १५ लागतात. चारीत पाणी भरपूर असून पाट फुटला असेल, तर जास्त पाणी सोडून सरी भिजत नाही.

आता शेवटची आणि सर्वांत मोलाची गोष्ट. कंपनीचा नंबर मोबाईलवर शोधून लावू नका. बिलावरचा, राउटरच्या खोक्यावरचा किंवा गावातल्या तार जोडणाऱ्याने दिलेला नंबर आजच एका कागदावर लिहा आणि राउटरशेजारी चिकटवा. तक्रार ऐकायला कोणी ओटीपी मागत नाही. आपल्या खात्यात पैसे यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला. कोणी सांगितले म्हणून पडदा दाखवणारे अ‍ॅप घेऊ नका. आणि चूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

वहिनी त्या रात्री भाऊ येईपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. आपण रागावले जाऊ ही भीती. ते तीन तास फार महाग पडले. म्हणून घरातल्या कर्त्यांनाही एक विनंती. फसलेल्या माणसावर ओरडू नका, आधी फोन लावा.

आज रात्री टीव्ही अडला तर घाई करू नका. खोरे खांद्यावर घेतल्यासारखे मोबाईल हातात घ्या आणि पाटाच्या कडेने चालत जा.