वऱ्हाडचा उन्हाळा आणि विजेचे टप्पे

मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हाचा कहर झाला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम जारी केले आणि कामगारांसाठी पंखे व पिण्याचे पाणी पुरविण्याचे बंधन मालकांवर घातले. येथे गारवा ही चैन नव्हे, हे सरकारनेच मान्य केले, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. विजेच्या बिलाला मात्र ते मान्य नाही. दोनशे वॉटचा कूलर रोज पंधरा तास चालला की महिन्याला ९० युनिट होतात. महावितरणचा १०० युनिटांचा स्वस्त टप्पा तो एकटाच जवळजवळ गिळून टाकतो. दिवे, पंखे, फ्रिज यांची वीज मग सुमारे दुप्पट दराने घ्यावी लागते. महाबळेश्वरला आणि अमरावतीला, जानेवारीला आणि मे महिन्याला टप्पा एकच! काटकसरीचा उपदेश हिवाळ्यातील गीझरपुरता ठीक आहे; पाणी तापविण्यास वऱ्हाडचे ऊन समर्थ आहे. छपरावर सौरवीज निर्माण करावी हेही उत्तम, पण भाडेकऱ्याने छप्पर कोठून आणावे? वीज नियामक आयोगाने निदान एप्रिल ते जून येथील पहिला टप्पा २०० युनिटांपर्यंत वाढवावा, अशी आमची मागणी आहे. त्यातून येणारी तूट शासनाने सोसावी; इतर ग्राहकांच्या माथी मारू नये.