खुब्याची वाटी

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या थोरल्या भगिनी, वय 76, ओल्या फरशीवर घसरून कुशीवर पडल्या. मांडीचे हाड मोडले असावे, असे आम्ही गृहीत धरले. सीटी स्कॅननंतर कळले की मोडली होती ती त्या हाडाचा गोल माथा ज्यात फिरतो, ती कमरेच्या हाडातील वाटी.

तरुणांमध्ये ही वाटी बहुधा मोठ्या अपघातातच फुटते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना साधे पडणेही पुरते. तुकडे सरकले नसतील तर शस्त्रक्रियेवाचूनही निभावते. सरकले असतील, तर ते जुळवून पट्ट्या व स्क्रूंनी बांधणे ही रूढ पद्धत. परंतु ठिसूळ हाडात स्क्रूची पकड सैल पडते, आणि वाटीचा पृष्ठभाग चेपला असेल तर सांधा पुढे झिजून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून काही निवडक वृद्धांमध्ये दोन्ही कामे एकाच वेळी करतात: आधी पट्ट्यांनी हाड स्थिर करायचे, मग त्यात कृत्रिम सांधा बसवायचा. फुटक्या भिंतीत नुसती नवी वाटी टिकत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, या वयात एवढे मोठे ऑपरेशन कशाला? आधी लहान करू, पुढचे पुढे पाहू." त्याची भीती खोटी नव्हती. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सांधा निखळणे हे धोके आहेतच. पण केवळ जुळवणी केल्यास कित्येक आठवडे पायावर पूर्ण भार देता येत नाही, आणि वृद्धाला अंथरूण फार महाग पडते: न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण. अपुऱ्या कर्जाने रखडून दुसऱ्या कर्जात बुडालेले धंदे मी बँकेत पाहिले होते. तरी निर्णय माझ्याने होईना.

अखेर आक्काच म्हणाल्या, "मला कुणी विचारलंत का? मला चालायचंय, आणि एकदाच काय ते होऊ दे." आम्ही सारे ओशाळलो.

आज त्या काठी टेकत दुकानापर्यंत येतात.

वाचकहो, असा प्रसंग आल्यास शल्यविशारदांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: वाटीचा पृष्ठभाग कितपत शाबूत आहे, पायावर भार केव्हा देता येईल, आणि अशा किती शस्त्रक्रिया त्यांनी केल्या आहेत. त्याआधी मात्र रुग्णाला विचारावे. घरातील वडीलधाऱ्यांच्या शरीराचा व्यवहार त्यांच्या संमतीवाचून ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.